तात्पुरतें लोहचुंबक

गेल्या श्रावणांतील गोष्ट. साताऱ्यास पावसानें दहा-बारा दिवस सूर्यदर्शन म्हणून होऊं दिलें नव्हतें. आमचा वाडा जुना. न्हाणीघराची मागची भिंत आषाढांत जी ओली होते ती दिवाळी उलटल्यावरच वाळते. त्या आठवड्यांत घरीं एक नवेंच संकट सुरू झालें. दिवसांतून तीन-चार वेळां, कोणीं कांहीं केलें नसतां, विजेच्या फळीवरचा मुख्य खटका टक् करून खालीं पडे आणि माजघरापासून माडीपर्यंत अंधार होई. देवघरांत थोरल्या वहिनी पोथी वाचीत असावयाच्या, माडीवर मुलें अभ्यासास बसलेलीं असावयाचीं. सर्वांचा एकच गलका उठे. खटका वर करावा, तर तासा-दोन तासांनीं पुन्हां तेंच.

आमचे धाकटे बंधु व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांनीं पेठेंतला एक वायरमन बोलाविला. त्यानें फळी उघडली, त्या खटक्याकडे बोट दाखविलें आणि म्हणाला, "हा फार नाजुक असतो साहेब. पावसाळ्यांत उगीच पडतो. ह्याला वगळून थेट जोडून देतों." दहा मिनिटांत तसें करून, आपले पैसे घेऊन तो निघूनहि गेला. घरांतला उजेड स्थिर झाला. बंधूंची वाहवा झाली. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों, हा दोष आमचा.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाई न्हाणीघरांतून बाहेर आल्या त्या हात चोळीतच. वहिनींना म्हणाल्या, "आई, नळाला हात लावला कीं हाताला मुंग्या येतात." वहिनींस वाटलें, गारठ्यानें येत असतील. आम्ही शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. तें टाकून आधीं मुख्य स्विच बंद केला, आणि मग न्हाणीघराच्या दारास कडी घातली.

पुढची हकीकत पुढें येईल. त्या सकाळीं वीज नसल्यानें सगळें घर ओसरीवर जमलें होतें, आणि आठवींत शिकणाऱ्या पुतण्यानें विचारलें, "काका, त्या खटक्यांत असतें तरी काय?"

"एक लोहचुंबक असतें. पण तें फार अल्पायुषी असतें."

"म्हणजे कच्चा माल!" बंधु म्हणाले. बोलण्यांत त्यांचा वायरमन अद्याप खरा ठरावयाचा होता.

बंधूंचा हा समज सार्वत्रिक आहे. टिकाऊ तें चांगलें, तात्पुरतें तें हलकें, असें आपण भांड्यांविषयीं म्हणतों, लुगड्यांविषयीं म्हणतों आणि तेंच माप लोहचुंबकासहि लावतों. वस्तुतः जगांतलीं मोठालीं कामें जीं लोहचुंबकें करितात, त्यांतलीं पुष्कळशीं तात्पुरतींच असतात. आणि तीं तात्पुरतीं आहेत म्हणूनच त्यांच्या हातून तीं कामें होतात.

ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं एखाद्या रविवारीं दुपारीं पुढील प्रयोग अवश्य करावा. चार इंचांचा एक लोखंडी खिळा घ्यावा. शेतावरच्या मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या दुकानांत रोगण दिलेली तांब्याची बारीक तार मिळते, ती तीन मीटर आणावी. दोन्ही टोंकांस वीतभर तार मोकळी सोडून उरलेली खिळ्याभोंवतीं एकाच दिशेनें, वेढ्याशेजारीं वेढा, अशी शंभरएक वेढे होईपर्यंत गुंडाळावी. टोंकांवरचें रोगण सुरीनें खरवडावें, भिंतीवरच्या घड्याळांत घालतात तसल्या दीड व्होल्टच्या सेलला तीं दोन्ही बाजूंनीं दाबून धरावीं, आणि खिळ्याचें टोंक टांचण्यांच्या वाटींत बुडवावें. टांचण्यांचा झुबका वर येईल. तार सोडली कीं झुबका गळून पडेल. एखाद-दुसरी टांचणी मात्र रेंगाळेल. पन्नास वेढे उलगडून पुन्हां पाहिलें तर आणखीहि एक गोष्ट मुलांच्या आपोआप ध्यानांत येईल, ती येथें सांगत नाहीं. सेलला तार चार-पांच सेकंदांहून अधिक लावून ठेवूं नये, दोन्ही तापतात. आणि हा प्रयोग भिंतींतल्या प्लगवर कोणत्याहि कारणानें करूं नये. आमच्या शाळेंतल्या एका सोबत्यानें तो केला होता. भिंत काळी झाली, आणि तो वांचला तो फ्यूजची तार वितळली म्हणून.

आतां खिळा काढून त्याच वेटोळ्यांत गोणपाट शिवावयाचा दाभण घालावा. टांचण्या येतील. परंतु तार सोडल्यावरहि त्यांतल्या कांहीं चिकटूनच राहतील. दाभण पोलादाचा, तो एकदां लोहचुंबक झाला कीं सहजासहजीं पूर्ववत् होत नाहीं. खिळा मऊ लोखंडाचा. प्रवाह आहे तोंवर चुंबक, प्रवाह गेला कीं केवळ खिळा. बाजारांतला खिळा अगदीं शुद्ध लोखंडाचा नसल्यानें त्यांतहि किंचित् चुंबकत्व उरतें, आणि ती रेंगाळलेली टांचणी त्याचीच साक्ष.

असें कां व्हावें? फ्रान्समधील पिएर वाइस ह्या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडलेली उपपत्ति आज सर्वमान्य आहे. लोखंडाच्या तुकड्यांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य लहान लहान प्रदेश असतात, आणि एकेका प्रदेशांतले सर्व अणु एकाच दिशेस तोंड करून असतात. म्हणजे एकेक प्रदेश हें स्वतः एक चिमुकलें लोहचुंबकच. मात्र शेजारच्या प्रदेशाची दिशा निराळी, त्याच्या शेजारच्याची आणखी निराळी. त्यामुळें बाहेरून पाहणारास त्यांचा एकत्रित परिणाम शून्य दिसतो. सांगलीच्या गणपतीच्या देवळांत सायंकाळीं जावें. सभामंडपांत कोणी खांबास टेकून बसला आहे, कोणी नदीकडे तोंड करून आहे, दोघी-तिघी घोळक्यानें बोलत आहेत, मुलें कोठेंहि धांवत आहेत. इतक्यांत आरतीची घंटा होते आणि सगळीं तोंडें गाभाऱ्याकडे वळतात. आरती आटोपली कीं पुन्हां ज्याचें त्याचें तोंड ज्याच्या त्याच्या दिशेस. वेटोळ्यांतून प्रवाह सुरू होणें ही लोखंडाची आरती आहे. पोलादांत कार्बन मिसळलेला असल्यानें त्याच्या कणांच्या रचनेंत जागोजाग अडसर असतात. तेथले प्रदेश वळावयास त्रास देतात आणि एकदां वळले कीं परतावयासहि तितकाच देतात. आरती संपून तास लोटला तरी गाभाऱ्याकडे टक लावून जपास बसलेल्या वृद्धांसारखी त्यांची स्थिति. दोघांचीहि जगास गरज आहे. होकायंत्राच्या सुईस जपास बसणारेच हवेत.

विजेचा आणि चुंबकाचा संबंध आहे, हें मुळांत कळलें तें १८२० सालीं डेन्मार्कमधील अर्स्टेड ह्या प्राध्यापकास. तारेंतून प्रवाह सोडतांच जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. पांच वर्षांनीं, १८२५ सालीं, इंग्लंडांतील विल्यम स्टर्जन ह्यानें लोखंडाची कांब नालासारखी वांकविली, तिला रोगण दिलें आणि तिच्याभोंवतीं उघड्या तांब्याच्या तारेचे अठरा वेढे घेतले. हा गृहस्थ मूळचा चांभाराकडे उमेदवारी केलेला, पुढें पलटणींत शिपाई, आणि शास्त्र शिकला तें बव्हंशीं स्वतःच्या बळावर. दोनशें ग्रॅमच्या त्या नालानें चार किलोंचें वजन उचललें. अमेरिकेंत जोसेफ हेन्रीनें रोगण कांबीस न देतां तारेसच रेशीम गुंडाळलें, म्हणजे वेढ्यावर वेढे कितीहि घेतां येऊं लागले. १८३१ सालीं त्याच्या चुंबकानें नऊशें किलोंहून अधिक भार तोलून धरला. त्या रेशमासाठीं त्यानें पत्नीचा झगा फाडला अशी एक कथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे. परंतु शास्त्रज्ञांच्या घरच्या बायकांस ती पटण्यासारखी आहे.

सोडणें हें काम धरण्याइतकेंच महत्त्वाचें आहे, हें जुन्या पद्धतीच्या शाळेंतल्या विजेच्या घंटेंत उत्तम दिसतें. प्रवाह येतो, चुंबक हातोडीस ओढतें, ठोका पडतो. पण हातोडी ओढली जातांच तिच्यामुळेंच प्रवाह तुटतो, चुंबक सोडून देतें, स्प्रिंग हातोडीस मागें नेते, प्रवाह पुन्हां जुळतो. असें सेकंदास अनेक वेळां. ह्या घंटेंत पोलादाचें चुंबक घातलें असतें तर एकच ठोका पडून ती कायमची मुकी झाली असती. तारायंत्रांतला कट्ट-कडकट्ट आवाज हाहि अशाच एका चुंबकाचा होता. आपल्या देशांत तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. ज्या घरांत "तार आली" ह्या दोन शब्दांनीं चूल विझत असे त्या पिढीस तिचें दुःख झालें कीं सुटका वाटली, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

रेल्वेची गोष्ट मात्र अधिक सांगण्याजोगी आहे. पुणें-मिरज मार्ग पुष्कळ काळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्यें एका वेळीं एकच गाडी असली पाहिजे. दोन समोरासमोर आल्या तर काय होईल तें सांगावयास नको. ह्यासाठीं देशांतील एकेरी मार्गांवर गोळ्याचें यंत्र असे. दोन्ही स्टेशनांत लोखंडी पेटी, तींत धातूचे गोळे. गोळा हातीं असल्यावांचून ड्रायव्हरनें स्टेशन सोडावयाचें नाहीं. आपल्या पेटींतला गोळा स्टेशनमास्तरास स्वतःच्या मर्जीनें काढतां येत नसे. पुढच्या स्टेशनांतल्या मास्तरानें "रस्ता मोकळा आहे" अशी खूण करून आपल्याकडचें बटन दाबून धरावें, त्याचा प्रवाह तारेंतून इकडच्या पेटींतल्या चुंबकास यावा, चुंबकानें आंतली कळ उचलावी, तेव्हां मूठ फिरे आणि एक गोळा बाहेर येई. तो गोळा पुढच्या किंवा ह्याच पेटींत परत पडेपर्यंत दोन्हीकडे दुसरा गोळा सुटत नसे. वेताच्या मोठ्या कड्यास लावलेल्या पिशवींतून तो गोळा धांवत्या इंजिनाकडे फेंकतांना व झेलतांना आम्हीं लहानपणीं डोळे विस्फारून पाहिलें आहे. त्या पिशवींत शेंकडो माणसांचे प्राण असत, हें त्या वेळीं कोठें ठाऊक होतें!

आणि सिग्नल? तांबडा-हिरवा दिवा ज्या रिलेवर चालतो त्यांत एक वेटोळें आणि त्यावर एक जड लोखंडी पट्टी असते. रूळ मोकळा असेल तोंवर वेटोळ्यांत प्रवाह असतो, पट्टी वर उचललेली राहते, हिरवा दिवा लागूं शकतो. गाडी आली, तार तुटली, रूळ मोडला, वीज गेली, कांहींहि झालें तरी प्रवाह थांबतो आणि पट्टी आपल्याच वजनानें खालीं पडते, दिवा तांबडा. पट्टी पाडावयास कोणतीहि शक्ति लागत नाहीं. पृथ्वीचें आकर्षण पुरतें, आणि तें कधीं बंद पडत नाहीं. ही योजना ज्यांनीं केली त्यांनीं चुंबकाच्या बळापेक्षां त्याच्या सोडून देण्यावर अधिक विश्वास ठेवला, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

ह्याच्या उलट प्रकार क्रेनचा. भंगाराच्या कोठारांत क्रेनच्या सांखळीस ताटासारखें भलें मोठें चुंबक टांगलेलें असतें. तें लोखंडाच्या ढिगावर टेंकवावें, प्रवाह सोडावा, हवें तेथें न्यावें, प्रवाह तोडावा. हात लावावयास नको, दोर बांधावयास नको. येथें मात्र वीज अवचित गेली तर टनावारी लोखंड खालीं कोसळणार. म्हणून जोडीला बॅटरी ठेवावी लागते आणि त्या खालून कोणी चालावयाचें नाहीं असा दंडक असतो. शिवाय लोखंड तापून ७७० अंशांच्या वर गेलें कीं त्याचें चुंबकत्वच नाहींसें होतें. भट्टींतून निघालेला रसरशीत गोळा ह्या क्रेनला उचलवत नाहीं.

लोखंडाच्या ओतकामाचा विषय निघाला म्हणजे ह्या भागांत किर्लोस्करवाडीची आठवण होणारच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोडच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर कारखाना घातला आणि तेथून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. ओतशाळांतून एकदां वापरलेली वाळू पुन्हां वापरावयाची, तर तींतले लोखंडाचे थेंब आणि खिळे वेगळे काढावे लागतात. ती वाळू चुंबकाच्या रुळावरून नेली कीं लोखंड तेवढें रुळास चिकटून वेगळें पडतें. साखर कारखान्यांत हेंच काम अधिक जोखमीचें. कृष्णाकांठचा ऊस गाडींतून येतो तेव्हां त्याबरोबर कोयत्याचा तुकडा, बैलगाडीची खीळ, सांखळीचा दुवा असें कांहींहि येऊं शकतें. तो तुकडा ऊस फोडणाऱ्या पात्यांत किंवा चरकाच्या रुळांत गेला तर लाखोंचें नुकसान आणि गाळप बंद. म्हणून ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर विजेचें प्रचंड चुंबक टांगलेलें असतें. अधूनमधून तें बाजूस न्यावें, प्रवाह तोडावा, कीं दिवसभर गोळा केलेलें भंगार खालीं पडतें. सांगलीच्या हळदीच्या गिरण्यांतहि चुंबकें असतात, परंतु तीं बहुधा कायमचीं. त्यांस चिकटलेला कीस पुसून काढावा लागतो, आणि तो वेळच्या वेळीं पुसला जातो कीं नाहीं हा प्रश्न गिरणीवाल्याच्या सचोटीचा. विजेच्या चुंबकास निदान झटकून टाकण्याची सोय आहे.

आमच्या खेड्यांतल्या आप्तांस सर्वांत जवळचें तात्पुरतें लोहचुंबक म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. हिरवें बटन दाबलें कीं आंतल्या कॉइलमध्यें प्रवाह जातो, ती लोखंडी पट्टीस ओढून धरते आणि मोटार चालूं राहते. बटनावरचें बोट काढलें तरी कॉइल धरूनच असते. वीज गेली कीं कॉइल सोडते. आणि खरी मेख येथें आहे, वीज परत आली तरी मोटार आपण होऊन सुरू होत नाहीं. कोणीतरी येऊन हिरवें बटन दाबलेंच पाहिजे. ही अडचण म्हणून केलेली नाहीं. मोटारीपाशीं हात घालून बसलेल्या माणसाच्या जिवासाठीं केलेली योजना आहे. परंतु वीज शेतीस रात्रीबेरात्रीं मिळते, थंडींत दोन वाजतां उठून, सापकिरडूं तुडवीत कोणीं जावें? म्हणून शेतकरी "ऑटो" बसवितो, म्हणजे वीज येतांच मोटार आपोआप चालूं होते. आम्ही त्यास दोष देण्यास धजत नाहीं. तथापि ज्याच्या मोटारीस ऑटो आहे त्यानें वीज गेलेली असतांना पाईप, पंखा किंवा पट्टा ह्यांस हात लावण्यापूर्वीं मुख्य स्विच उघडलाच पाहिजे, एवढें आमचें मागणें आहे. गेलेली वीज पूर्वसूचना देऊन येत नाहीं.

ही वीज येते कोठून? पूर्वीं आमच्या घरीं ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. कोयनेची वीज त्यानंतरची. पाटण तालुक्यांत अडविलेलें कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरतें, आणि तेथल्या भूमिगत वीजगृहांत १९६२ सालीं पहिली वीज निर्माण झाली. आतां सर्व टप्पे मिळून तिची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरांत आहे. तेथें पाण्याच्या लोटानें जें फिरतें तें दुसरें-तिसरें कांहीं नसून तात्पुरत्या लोहचुंबकांचें एक महाचक्र आहे. कायमचीं चुंबकें तेथें कां चालत नाहींत? कारण मागणी क्षणोक्षणीं बदलते. व्होल्टेज सांभाळावयाचें तर चुंबकाचा जोर कमी-अधिक करितां आला पाहिजे, आणि कायमच्या चुंबकास तसें सांगून उपयोग नसतो. पुढें गल्लीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटींतलें लोखंड दर सेकंदास शंभर वेळां आपली दिशा फिरवितें. दरेक वेळीं तें अत्यल्प प्रमाणांत लांब-आंखूड होतें, आणि रात्रीं सामसूम झाल्यावर ऐकूं येणारा तो गुणगुणाट म्हणजे त्या लोखंडाच्या श्वासोच्छ्वासाचाच आवाज. हें काम पोलादाकडे दिलें असतें तर प्रत्येक वळणास तें अडून बसलें असतें आणि सगळी वीज त्यास तापविण्यांतच गेली असती. म्हणून तेथें सिलिकन मिसळलेल्या मऊ लोखंडाचे कागदासारखे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात.

आतां आमच्या फळीकडे येऊं. तिच्यावर दोन जातींचे खटके असतात आणि ते दिसावयास सारखेच असल्यानें फार घोंटाळा होतो. पहिल्यास एम. सी. बी. म्हणतात. त्यांत दोन पहारेकरी. तारेंतून थोडासा जास्त प्रवाह बराच वेळ गेला तर दोन धातूंची एक पट्टी तापून वांकते आणि खटका पाडते. परंतु तारेस तार भिडून एकदम प्रचंड प्रवाह सुटला तर पट्टी तापेपर्यंत घर पेटेल. तेव्हां एका लहान वेटोळ्यांतलें चुंबक प्रबळ होऊन आंतली लोखंडी दांडी ओढतें आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्याहि आंत खटका पडतो. पूर्वींची फ्यूजची तार स्वतः जळून घर वांचवी; हें चुंबक न जळतां वांचवितें. मात्र हा खटका तारा सांभाळतो, माणूस सांभाळीत नाहीं. सोळा अँपिअरचा खटका सोळा अँपिअरच्या पुढेंच विचार करूं लागतो. माणसाच्या छातींतून त्याचा एकशें साठावा हिस्सा, म्हणजे एक दशांश अँपिअर प्रवाह गेला तरी हृदय थांबूं शकतें. खटक्याच्या दृष्टीनें तो एक बारीकसा दिवा लागलेला असतो.

माणसासाठीं दुसरा खटका, आर. सी. सी. बी. ह्याची युक्ति आम्हांस फार मनोहर वाटते. घरांत येणाऱ्या आणि घरांतून परत जाणाऱ्या, अशा दोन्ही तारा लोखंडाच्या जातीच्या एका कड्यांतून नेलेल्या असतात. जितकी वीज आंत येते तितकीच बाहेर जात असेल तर एकीनें केलेलें चुंबकत्व दुसरी पुसून टाकते आणि कडें कोरें राहतें. परंतु वाटेंत कोठें गळती असेल, ओल्या भिंतींतून वा कोणाच्या हातांतून थोडी वीज जमिनींत उतरत असेल, तर येण्या-जाण्याचा हिशेब जुळत नाहीं. जेवढी तूट तेवढें कडें चुंबक बनतें. त्यावरच्या बारीक वेटोळ्यांत त्यानें वीज उत्पन्न होते. पुष्कळ यंत्रांत कायमच्या चुंबकानें एक चिमुकली पट्टी धरून ठेवलेली असते. ही नवी वीज त्या चुंबकाची पकड क्षणभर ढिली करते, आणि पट्टी सुटते. घरांत वापरतात त्या खटक्यास तीस मिलिअँपिअरची तूट पुरते, नऊ वॅटचा एक लहान दिवा घेतो त्याहूनहि कमी; आणि तेवढ्या तुटीस त्यानें सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत सुटलें पाहिजे असा नियम आहे, तूट मोठी असेल तर त्याहून पुष्कळच लवकर. एक मर्यादा ध्यानांत ठेवावी: दोन्ही तारा एकाच वेळीं दोन हातांनीं धरल्या तर आला-गेला हिशेब जुळतो, आणि ह्या खटक्यास कांहींच कळत नाहीं.

आमचा जो खटका पडत होता तो हा दुसरा. वायरमननें ज्यास वगळून "थेट जोडलें" तोहि हाच.

त्या दिवशीं दुपारीं आम्हीं दुसरा, परवानाधारक मनुष्य बोलाविला. त्यानें फळीपाशीं न जातां आधीं न्हाणीघरांतला गीझर उघडला. आंतली पाणी तापविणारी कांडी चिरली होती आणि वीज पाण्यांत उतरत होती. गीझरच्या अर्थिंगची तार गंजून केव्हांच तुटलेली होती. म्हणून ती वीज नळावाटे ओल्या भिंतींत जाई, कधीं कमी, कधीं तीस मिलिअँपिअरच्या वर. वर गेली कीं खटका पडे. बारा दिवस तो बिचारा एकच गोष्ट सांगत होता, आणि आम्हीं त्याचें तोंड बंद केलें. सूनबाईंच्या पायांत त्या सकाळीं रबरी चपला होत्या. नसत्या तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

बंधु त्यानंतर बराच वेळ गीझरच्या त्या चिरलेल्या कांडीकडे पाहत उभे होते. सायंकाळीं त्यांनींच बाजारांतून नवा आर. सी. सी. बी. आणला, अर्थिंग नवें करून घेतलें, आणि पुतण्यास बोलावून कड्याची सगळी गोष्ट पुन्हां एकदां, आमच्याहून अधिक सोपी करून सांगितली.

सांगलीस गांवभागांत आमच्या आत्याबाई राहतात, वय एक्याऐंशी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आयर्विन पुलाशीं कृष्णेनें पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी केव्हांच ओलांडून सत्तावन फुटांपर्यंत मजल मारली, तेव्हां त्यांच्या माजघरांत पुरुषभर पाणी होतें. पूर ओसरल्यावर त्यांनीं घर धुवावयाच्याहि आधीं एक हट्ट धरला: सगळें वायरिंग तपासून झाल्याखेरीज वीज जोडावयाची नाहीं, आणि फळी खालच्या मजल्यावर नको. आतां ती जिन्याच्या वर आहे. त्या खटक्यावर परीक्षेसाठीं एक लहान बटन असतें, त्यावर टी हें इंग्रजी अक्षर असतें. तें दाबलें कीं यंत्र आंतल्या आंत खोटी गळती निर्माण करितें आणि खटका पडला पाहिजे. न पडला तर तो निकामी झाला असें समजावें. तें दर महिन्यास दाबून पाहावें असा नियम. परंतु महिना झाला हें लक्षांत कसें राहावें? आत्याबाईंनीं तें संकष्टीस जोडून टाकलें आहे. गेल्या संकष्टीस आम्ही त्यांच्याकडे होतों. चंद्रोदयास घटकाभर अवकाश होता. त्या जिना चढून वर गेल्या, टक् असा आवाज झाला आणि सगळ्या घरांत अंधार पडला. "पडला बरं का," अंधारांतूनच त्यांचा आवाज आला. मग त्यांनीं खटका वर केला, दिवे लागले, आणि त्या मोदकांचें पातेलें उतरावयास स्वयंपाकघराकडे वळल्या.